भूक, चिंता आणि विस्मरण : पावणेदोनशे वर्षांच्या एका शोधाची कथा

आपल्या घरांतून दोन निवाडे फार सहजपणे दिले जातात. संध्याकाळची जपमाळ संपल्यावर आजी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारते, तेव्हा कोणीतरी म्हणते, "वय झालं, आता असंच चालायचं." लग्नाच्या पंगतीत एखादा स्थूल मुलगा दुसऱ्यांदा वाढून घेतो, तेव्हा कोणीतरी हसून म्हणते, "तोंडावर ताबा नाही, दुसरं काय!" पहिल्या निवाड्यात दोष वयाला दिला जातो, दुसऱ्यात माणसाला. दोन्ही निवाडे देताना आपल्याला क्षणभरही अडखळल्यासारखे होत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे आमच्याही मनात कधी आले नव्हते.

परंतु हा संबंध ख्रिस्ती परंपरेला अगदीच अपरिचित नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या तपस्व्याने माणसाला भुलविणाऱ्या आठ विचारांची यादी केली आणि त्यांत पहिले स्थान खादाडपणाला दिले. गंमत अशी, की त्याने वर्णिलेला खादाड संन्यासी ताटावर तुटून पडलेला नाही. तो चिंतेने ग्रासलेला आहे. आपले पोट, यकृत, प्लीहा यांचे काय होईल, आजार लांबला तर काय, वैद्य मिळाला नाही तर काय, या काळजीने तो उपवास सोडावयास निघाला आहे. भूक आणि चिंता यांची गाठ त्या वाळवंटातल्या माणसाने अशी सोळाशे वर्षांपूर्वी ओळखली होती. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप संत ग्रेगरी महान यांनी सात प्रमुख पापांची मांडणी केली. प्रत्येक पापाच्या "कन्या" सांगताना खादाडपणाच्या पोटी जन्मणारी एक कन्या म्हणून त्यांनी बुद्धीच्या मांद्याचा उल्लेख केला. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हीच यादी पुढे चालविली. मात्र दोष अन्नात नसून अमर्याद वासनेत आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले.

अति खाण्याने बुद्धी मंदावते, हे विधान अशा रीतीने धर्मशिक्षणात रुजले. आजचे वैद्यकशास्त्र स्थूलता, मानसिक ताण आणि मेंदूचे आरोग्य यांचे नाते सांगू लागले आहे, तेव्हा कोणाला वाटेल, की ग्रेगरींचेच म्हणणे प्रयोगशाळेत सिद्ध झाले. आमच्या मते गोष्ट इतकी सरळ नाही. हा शोध कसकसा होत गेला हे पाहिले, म्हणजे आपल्या त्या दोन्ही निवाड्यांचा फेरविचार करणे भाग पडते.

बेर्नार यांची सुई

या शोधाचा आरंभ १८४९ साली पॅरिसमध्ये झाला, असे म्हणता येईल. क्लोद बेर्नार हे द्राक्षमळ्यांच्या प्रदेशात जन्मलेले, येशूसंघीयांच्या शाळेत शिकलेले शरीरशास्त्रज्ञ. मधुमेह हा मूत्रपिंडाचा किंवा पोटाचा रोग असावा, अशी त्यांच्या काळातील अनेकांची समजूत होती. साखर शरीरात केवळ अन्नातून येते, हेही गृहीत धरलेले होते. यकृत स्वतःच साखर निर्माण करते, असे बेर्नार यांनी दाखवून दिले. त्यानंतर त्यांनी एका सशाच्या मेंदूच्या तळाशी, चौथ्या पोकळीच्या भूमीवर, सुई टोचली. थोड्याच वेळात सशाच्या लघवीत साखर उतरली.

सशाने वेगळे काही खाल्ले नव्हते. त्याचे स्वादुपिंड निरोगी होते. केवळ मेंदूला झालेल्या इजेमुळे रक्तातील साखरेचा तोल ढळला होता. मेंदू हा विचारांचे पीठ आणि पोट हे पचनाचे यंत्र, अशी जी वाटणी शतकानुशतके मानली गेली होती, तिला या सुईने पहिले छिद्र पाडले. बेर्नार १८७८ साली वारले, तेव्हा फ्रान्सने त्यांना शासकीय इतमामाने निरोप दिला. शास्त्रज्ञाला असा मान मिळण्याची त्या देशातील ती पहिलीच वेळ होती.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते. परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर वापरते त्या ऊर्जेचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू खर्च करतो. ज्याच्या घरात चूल एवढी पेटती, तो शिधा-सामग्रीवर लक्ष ठेवणारच. म्हणून अन्न आणि मेंदू यांचा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो. बेर्नार यांनी त्याची एक बाजू पाहिली होती. दुसरी बाजू उलगडावयास आणखी शतकभर लागले.

भुकेचे आसन

१९०१ साली व्हिएन्नात आल्फ्रेड फ्रोलिख यांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा झपाट्याने स्थूल झाला होता, त्याची दृष्टी मंदावली होती आणि त्याच्या मेंदूच्या तळाशी गाठ होती. दोष तेथील ग्रंथीचा की तिच्या वर असलेल्या हायपोथॅलॅमस या भागाचा, यावर पुढे चाळीस वर्षे वाद झाला. १९४० साली शिकागोतील हेदरिंग्टन आणि रॅन्सन या संशोधकांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या एका विशिष्ट भागाला सूक्ष्म इजा केली. ग्रंथीला धक्काही लागला नव्हता, तरी उंदीर कमालीचे स्थूल झाले. भुकेला लगाम घालणारे आसन मेंदूत आहे, हे त्यावरून ठरले.

परंतु शरीरात चरबी किती साठली आहे, हे त्या आसनाला कळते कसे? अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी याचे उत्तर शोधण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालविली. तेथे जन्मतःच स्थूल असणाऱ्या उंदरांचे दोन वंश होते. कोलमन यांनी स्थूल आणि सामान्य उंदरांचे रक्ताभिसरण शस्त्रक्रियेने जोडले. एका वंशातील उंदीर सामान्य उंदराच्या रक्तामुळे कमी खाऊ लागला. दुसऱ्या वंशातील उंदरावर काहीच परिणाम झाला नाही; उलट त्याला जोडलेला सामान्य उंदीर मात्र उपाशी राहून मेला. एका वंशात तृप्तीचा निरोप देणारे द्रव्यच तयार होत नाही आणि दुसऱ्यात ते भरपूर असूनही मेंदूला ऐकू येत नाही, असा निष्कर्ष कोलमन यांनी काढला. ते द्रव्य १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेला सापडले. कृश या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लेप्टिन हे नाव मिळाले. आश्चर्य असे, की ते चरबीच्याच पेशींतून स्रवते. चरबी म्हणजे निर्जीव साठा नव्हे, ती मेंदूला सतत निरोप पाठवीत असते, हे त्यावरून उघड झाले.

यानंतर केंब्रिजमध्ये जे आढळले, ते वाचून आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. १९९७ साली तेथील डॉक्टरांनी एकाच कुटुंबातील दोन मुलांची नोंद केली. आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते, तर दोन वर्षांच्या मुलाचे २९ किलो. दोघांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. जन्मल्यापासून ही मुले अन्नासाठी आक्रोश करीत होती आणि त्यांची भूक कधीच शमत नव्हती. पुढे त्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शने सुरू करण्यात आली. तिची भूक माणसासारखी झाली आणि वर्षभरात तिचे वजन सोळा किलोंहून अधिक उतरले. त्या मुलीला वर्षानुवर्षे कोणी "हावरट" म्हटले असेल, तर ते शब्द आता कोण परत घेणार?

असा विकार अत्यंत दुर्मीळ आहे, हे सांगितलेच पाहिजे. बहुतेक स्थूल माणसांत लेप्टिन भरपूर असते. त्यांचा मेंदू त्या निरोपाला पुरेसा प्रतिसाद देत नाही. तरीही भूक ही केवळ इच्छाशक्तीच्या मुठीत नसते, एवढे या दोन मुलांनी जगाला शिकविले.

ताणाची किंमत

शोधाचा दुसरा प्रवाह मॉन्ट्रियलमधून वाहत आला. हान्स सेल्ये हे व्हिएन्नात जन्मलेले, बेनेडिक्टाइन संन्याशांच्या शाळेत शिकलेले तरुण संशोधक एका नव्या संप्रेरकाच्या शोधात उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचीत होते. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी सुजल्या, थायमस ग्रंथी आक्रसल्या आणि जठरात व्रण पडले. नवे संप्रेरक सापडले, असे त्यांना वाटले. परंतु थंडी, जखम, अतिश्रम, विष यांपैकी काहीही दिले तरी हीच तीन लक्षणे दिसत, हे पाहून त्यांची निराशा झाली. त्या निराशेतूनच १९३६ साली त्यांनी "नेचर" या नियतकालिकात एक छोटेसे पत्र लिहिले. ज्याला आज आपण ताण म्हणतो, त्याच्या अभ्यासाची पायाभरणी त्या पत्राने केली. सेल्ये यांच्या उत्तरायुष्यातील काही संशोधनाला तंबाखू उद्योगाचा पैसा मिळाला होता, हे पुढे उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसते. मोठ्या शोधकाचे पायही मातीचेच असतात.

सुजलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे द्रव्य पाझरते. संकटसमयी ते उपकारक असते. रक्तात साखर सोडून पळण्याचे वा लढण्याचे बळ ते देते. पण ते सतत पाझरत राहिले तर? याचे भीषण चित्र अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी १९१२ साली आणि पुन्हा १९३२ साली रेखाटले होते. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो, धडावर चरबी साठते, हातपाय मात्र काटकुळे राहतात, रक्तातील साखर वाढते, मन खचते आणि स्मृती दगा देऊ लागते. मेद, साखर, मन आणि स्मृती अशी चारही सूत्रे येथे एकाच रोग्यात गुंतलेली दिसतात.

स्मृतीचे सूत्र का तुटते, याचा पहिला धागा १९६८ साली न्यूयॉर्कच्या ब्रूस मॅकएवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती लागला. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीचे द्रव्य मेंदूच्या ज्या भागात विशेषेकरून धरून ठेवले जाते, तो भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. नव्या आठवणी जेथे आकार घेतात तेच स्थान. १९९२ साली कुशिंग-विकाराच्या रोग्यांची तपासणी झाली. त्यांच्यापैकी ज्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल अधिक, त्यांचे हिप्पोकॅम्पस लहान असल्याचे आढळले. आणि १९९९ साली त्याच संशोधकांनी आणखी एक आनंदाची गोष्ट कळविली : उपचारांनी कॉर्टिसॉल उतरल्यावर आक्रसलेला भाग काही अंशी पुन्हा भरून येतो. झीज नेहमीच कायमची नसते.

दीर्घकाळच्या ताणाने शरीरावर साचत जाणाऱ्या झिजेला मॅकएवन यांनी एक स्वतंत्र नाव दिले आणि तिचा हिशेब मांडला. कर्जाची चिंता, आजाऱ्याची रात्रंदिवस शुश्रूषा, घरातील कलह, अपुरी झोप या गोष्टी मनातच राहत नाहीत, त्या शरीराच्या खतावणीत नोंदल्या जातात, हा त्या हिशेबाचा आशय. ताणाखालचा माणूस गोड आणि तेलकट पदार्थांकडे वळतो, हा तर आपल्या रोजच्या पाहण्यातला अनुभव आहे. वाळवंटातील एव्हाग्रियसला त्यात नवे काही वाटले नसते.

गावेच्या गावे तपासताना

प्रयोगशाळेतील उंदरांवरून माणसांचे भवितव्य सांगता येत नाही. त्यासाठी हजारो माणसांच्या मागे वर्षानुवर्षे जावे लागते. १९९९ साली हॉलंडमधील रॉटरडॅम शहरातील ६,३७० वृद्धांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट होता. २००५ साली कॅलिफोर्नियातील पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे १९६४ ते १९७३ या काळात चाळिशी ओलांडलेल्या १०,२७६ स्त्री-पुरुषांच्या आरोग्याची नोंद केलेली होती. त्यांतील जे त्या वयात स्थूल होते, त्यांना उतारवयात स्मृतिभ्रंश होण्याचा धोका सामान्य वजनाच्या माणसांहून ७४ टक्क्यांनी अधिक ठरला.

मात्र पुढे कोडे पडले. वृद्धांच्या काही पाहण्यांत उलट कृश माणसांनाच धोका अधिक दिसू लागला. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या अभ्यासाने २०१८ साली त्याचा उलगडा केला. पन्नाशीतील स्थूलता धोक्याची होती, साठीतील वा सत्तरीतील तशी आढळली नाही. कारण रोग ओळखू येण्यापूर्वी काही वर्षे रोग्याचे वजन आपोआप घटू लागते. म्हणजे आजीचे कपडे विनाकारण सैल होऊ लागले, तर "बरे झाले, अंग हलके झाले" असे म्हणून भागणार नाही. तेव्हा डॉक्टरकडे जावयास हवे.

धर्मभगिनींचे दान

या साऱ्या कथेतील आम्हांला सर्वांत हृद्य वाटणारे प्रकरण एका संन्यस्त संघाने लिहिले आहे. धन्य तेरेसा गेरहार्डिंगर यांनी १८३३ साली बव्हेरियात स्थापिलेल्या, शाळांतून अध्यापन करणाऱ्या नोत्र दाम धर्मभगिनींचा हा संघ. १९८६ साली डेव्हिड स्नोडन हे साथरोगतज्ज्ञ मिनेसोटा राज्यातील मॅन्केटो येथील त्यांच्या मठात गेले. सर्व भगिनी एकाच छपराखाली राहतात, एकाच स्वयंपाकघरातले जेवतात, धूम्रपान करीत नाहीत. त्यामुळे वार्धक्याच्या अभ्यासाला असा समूह अन्यत्र मिळणे कठीण. पुढे ७५ वर्षांवरील ६७८ भगिनी या अभ्यासात सामील झाल्या. दरवर्षी स्मरणशक्तीची परीक्षा देण्याचे तर त्यांनी मान्य केलेच, शिवाय मृत्यूनंतर आपला मेंदू संशोधनासाठी देण्याचेही वचन दिले. आयुष्यभर शिकविण्याचे व्रत चालविलेल्या त्या स्त्रियांनी मरणानंतरही ते सोडले नाही.

तरुणपणी व्रते घेण्यापूर्वी त्यांनी लिहिलेली छोटी आत्मचरित्रे मठाच्या दप्तरात जपलेली होती. ज्यांचे लेखन विचारांनी दाट होते, त्यांची बुद्धी वार्धक्यातही अधिक शाबूत राहिल्याचे १९९६ साली दिसून आले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने १९९७ सालचा निष्कर्ष अधिक मोलाचा आहे. ज्या भगिनींच्या मेंदूत अल्झायमर रोगाच्या खुणा पुरेपूर होत्या, त्यांच्यातही सर्वांना स्मृतिभ्रंश झाला नव्हता. ज्यांच्या मेंदूत खोलवर एक-दोन लहानशा रक्तवाहिन्या बंद पडून बारीक डाग उमटले होते, त्यांच्यात तो कितीतरी अधिक प्रमाणात प्रकट झाला होता. अशा सूक्ष्म आघातांची कारणे आपल्या ओळखीची आहेत : वाढलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू. अल्झायमरच्या खुणांवर आपला इलाज चालत नसेल. रक्तवाहिन्यांवर पुष्कळसा चालतो.

त्या अभ्यासात सिस्टर मेरी या नावाने ओळखल्या गेलेल्या एक भगिनी होत्या. १०१व्या वर्षी त्या निधन पावल्या, तोवर त्यांची बुद्धी तल्लख होती. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूत रोगाच्या खुणा विपुल सापडल्या. रोग घरात शिरला होता, तरी घर उभे राहिले होते. हे कसे घडते, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाला अजून मिळालेले नाही.

आपल्या मातीतला धडा

हे सारे वाचून एखादा सडपातळ वाचक निश्चिंत झाला असेल, तर त्याने पुण्याकडे पाहावे. तेथील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील सहा खेड्यांतील माता आणि मुले यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी अगदी क्षीण, पण चरबीच्या बाबतीत मात्र फारशी मागे नव्हती. याच गोष्टीचे एक मजेदार छायाचित्र २००४ साली "लॅन्सेट"मध्ये आले. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाटा आपल्याला फसवू शकतो, तो असा. त्याच खेड्यांतील मुले नऊ वर्षांची झाली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. गर्भारपणी ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांची मुले बुद्धीच्या काही चाचण्यांत मागे पडत होती. मेंदूच्या आरोग्याची चिंता सत्तरीत नव्हे, आईच्या ताटापासून सुरू करावी लागते.

निवाड्याऐवजी

आता संत ग्रेगरींच्या त्या विधानाकडे परत येऊ. देह आणि बुद्धी यांचा संबंध त्यांनी अचूक हेरला होता, असे आम्हांला वाटते. पण तो संबंध म्हणजे पापाचे फळ, असे म्हणावयास पावणेदोनशे वर्षांचा हा इतिहास आधार देत नाही. संयम हा सद्गुण आहेच. उपवासकाळात आपण तो अंगी बाणवितो तो वजन उतरविण्यासाठी नव्हे, तर प्रभूसाठी आणि उपाशी शेजाऱ्यासाठी. परंतु समोरच्या स्थूल माणसाच्या देहावरून त्याच्या आत्म्याचा हिशेब मांडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. त्याच्या भुकेमागे जनुके असतील, आईच्या गर्भारपणातली उपासमार असेल, किंवा त्याने कोणालाही न सांगितलेली चिंता असेल.

आणि आजीविषयीचा निवाडा? "लॅन्सेट"ने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण टाळता वा सुधारता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. ती सर्व दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत मधुमेह, रक्तदाब, स्थूलता, अतिमद्यपान, धूम्रपान, व्यायामाचा अभाव आहे. तशीच मनाची खिन्नता, कमी झालेले ऐकू येणे, मंदावलेली दृष्टी आणि एकाकीपणाही आहे. यांतील निम्म्या गोष्टी तरी औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. लग्नसमारंभातील मद्याचे पेले आपण कमी करू शकतो. मिस्सानंतर धर्मग्रामातील वृद्धांचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय करू शकतो. आजोबांना श्रवणयंत्र घेऊन देऊ शकतो, आणि मधुमेही आईला उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावयास सांगू शकतो. आजारी माणसाला उपवासाचे बंधन ख्रिस्तसभाही घालीत नाही.

ज्यांची स्मृती आधीच विझू लागली आहे, त्यांच्यासाठी विज्ञानाजवळ आज फारसे काही नाही. त्यांच्यासाठी आपण आहोत. आजीने तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तर त्याचे उत्तर तिसऱ्यांदा द्यावे. पहिल्यांदा दिले होते, त्याच आवाजात.